‘पोरगं सहा महिने टाका, सरळ होऊन येईल’ या पोस्टला उत्तर

वर्धाकाठ

दोन दिवसांपासून एक पोस्ट इकडच्या गावोगावच्या ग्रुपवर फिरते आहे. ज्यांच्यापर्यंत आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका निवासी ‘संस्कार केंद्रा’ची बाजू घेऊन कुणीतरी लिहिलं आहे की पोरगं ऐकत नसेल, शाळा सुटली असेल, खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण), दारू किंवा मोबाईल लागला असेल तर सहा महिने तिथे टाका. पहाटे चारला उठवतात, गार पाण्याने आंघोळ, उपाशीपोटी पाच किलोमीटर धावणं, मोबाईल नाही, पहिले तीन महिने आईबापाची भेट नाही. शेवटचं वाक्य असं: ‘गेला तेव्हा वाघ होता, आला तेव्हा गाय.’

गाय होऊन आला म्हणजे बरा झाला असं कुणी ठरवलं? भांडणारा पोरगा अचानक गप्प झाला, नजर देईना, ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलू लागला, तर तपासणारा माणूस आधी काळजीत पडतो. भीती आणि खोल उदासी, दोन्ही बाहेरून अशीच दिसतात.

मला शिस्त खटकत नाही. खटकतं ते हे की आत घेण्याआधी त्या पोराला कुणी तपासलंच नाही. चौदा-पंधराच्या मुलात उदासी रडण्यातून कमी आणि चिडचिडीतून जास्त बाहेर येते. वाचनाचा दोष असलेला मुलगा आठवीपर्यंत पुढे सरकत येतो आणि नववीत आपटतो. मिरगीचे बारीक झटके येणारा बोलता बोलता पाच-दहा सेकंद हरवतो, त्याला मास्तर ‘लक्ष नाही’ म्हणतात. लहानपणापासून कान वाहणाऱ्याला ऐकू कमी येतं, तो ‘मुजोर’ ठरतो. या सगळ्यांना एकच औषध, पहाटे चार?

आणि हा विदर्भ आहे. इथे सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, गावोगाव सापडतो. थंडीत पहाटे गार पाणी, पोटात काही नाही, वर पाच किलोमीटर. एसएस, म्हणजे पूर्ण आजार असलेल्या रुग्णाला वेदनेचा झटका आणायला याहून वेगळं काही करावं लागत नाही. थंडी, शरीरातलं पाणी घटणं आणि थकवा ही तिन्ही कारणं एका तासात जमवून दिली. वाहक, म्हणजे एएस असलेल्यालासुद्धा अति श्रमात आणि कमी पाण्यात धोका असतो. पोरगं ‘हातपाय दुखते’ म्हणून खाली बसतं आणि ‘कामचुकार’ म्हणून त्याला आणखी दोन फेऱ्या मारायला लावतात. सोल्युबिलिटीची चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती पॉझिटिव्ह आली तर रुग्ण की वाहक हे ठरवायला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या रक्तचाचण्या. सरकारी दवाखान्यात फुकट. ज्या केंद्राच्या प्रवेश अर्जात हा रकाना नाही, त्या केंद्राला विदर्भात पोरं ठेवायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कास्तकार_राळेगाव

वर्धाकाठ भाऊ, तुमचं सारं बरोबर असन. पन मायबापानं जावं कुठी, हे सांगा ना. पीएचसीत मानसोपचाराचा डॉक्टर नाई. तालुक्याले त्याचा दिवस ठरलेला, त्या दिवशी गर्दी एवढी का पाच मिनिटाच्या वर कोनी बोलत नाई. मेळघाटातल्या धारणीवाल्याले अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात पडते. जून-जुलैत पेरणी, पुढं डवरन, निंदन, फवारनी, मंग वेचनी. पोट्ट्याले घेऊन दर आठ दिवसाले जिल्ह्याले जानारा बाप वावरात कवा जाईन?

अन रात्री अकरा वाजता सतरा वर्षाचं पोट्टं पिऊन आलं, हातात कुऱ्हाड हाय, माय कोपऱ्यात बसली हाय. त्या रात्री काय कराचं? १४४१६ या मनाच्या आजाराच्या सरकारी नंबरले फोन लावला त ते बोलतात, चांगलं बोलतात, पन पोट्टं फोनवर येत नाई. म्हनून मानूस असल्या केंद्रात टाकते. हौस नसते कोनाले.

वर्धाकाठ

भाऊ, प्रश्न खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

त्या रात्री एकच माणूस बोलेल, आणि तो शक्यतो बाप नसावा. मामा, आजा, ज्याचं तो ऐकतो असा कुणीही. दोन हात अंतर ठेवून, समोर नाही तर बाजूला उभं राहायचं. दाराची वाट अडवायची नाही, कारण कोंडलेला माणूस वार करतो. अंगणातली गर्दी पहिले हटवायची, ती बघते म्हणून पोरगं मागे हटत नाही. वाक्यं छोटी ठेवायची: ‘पाणी ठेवलं आहे. मी इथेच बसतो.’ ‘काहून पिला?’ हा प्रश्न त्या रात्री विचारायचाच नाही, आणि नशेत उपदेश तर मुळीच नाही. कुऱ्हाड, विळा, फवारणीचं औषध हे सगळं दिवसाढवळ्या आधीच कुलपात गेलेलं असलं पाहिजे. आवरत नसेल तर ११२. जिवाला धोका दिसत असेल तर मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार सुरू करू शकतो, ७२ तासांपर्यंत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. ग्रामीण रुग्णालयात नेऊन हे कलम सांगा.

आणखी एक. पोरगा पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगताना सापडला तर त्याच्यामागे धावू नका, अंगावर ओरडू नका. त्या वाफांनी हृदय इतकं हळवं होतं की दचकून पळताना ठोके बिघडून तो जागीच दगावू शकतो. हळू आवाजात बसवायचं, मोकळ्या हवेत न्यायचं, राग दुसऱ्या दिवशी.

निवृत्त_अधीक्षक

कागदावर सगळं छान आहे. वसतिगृह चालवणाऱ्याला विचारा.

निवासी व्यवस्थेचा पहिला फायदा टोळी तुटते हा आहे. पोरगं ज्या चौघांबरोबर पुलावर बसतं ते चौघं नजरेआड झाल्याशिवाय तुमचा समुपदेशक काहीही करू शकत नाही. दुसरा फायदा वेळापत्रक. उठणं, जेवणं, झोपणं ठरलेल्या वेळेला, हेच अर्धं औषध आहे. भेटी पहिले तीन महिने बंद का असतात तेही ऐका. आई येते ती रिकाम्या हाताने येत नाही. चिवड्याच्या पुड्यात खर्ऱ्याची पुडी, चपलेच्या आतल्या तळव्याखाली शंभराची नोट, शर्टाच्या कॉलरच्या शिवणीत पुडी. पोरगं रडलं की आई विरघळते आणि आठव्या दिवशी घेऊन जाते. सगळी मेहनत पाण्यात.

चारची वेळ तुम्हाला जाचक वाटते. आमच्या पिढ्या चारलाच उठल्या.

कलम_चंद्रपूर

अधीक्षक साहेब, भेट बंद ठेवणं हा नियम कुठल्या कायद्याखाली?

केंद्र व्यसनाचा किंवा मनाच्या आजाराचा उपचार करतो म्हणत असेल तर ते मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली मानसिक आरोग्य आस्थापना ठरतं आणि त्याची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. अठराखालच्या मुलासाठी कलम ८७ वेगळं आहे. दोन मानसोपचारतज्ज्ञ, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर यांनी, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत, स्वतंत्रपणे तपासायचं. मोठ्या रुग्णांपासून वेगळी जागा. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. आणि घरचा माणूस पूर्ण मुक्कामभर मुलाजवळ राहिला पाहिजे. तुम्ही भेट बंद करता, कायदा सोबत राहा म्हणतो. साखळीने बांधणं कलम ९५ ने कोणत्याही प्रकारे मनाई आहे.

केंद्र म्हणालं की आम्ही उपचार करत नाही, निराधार आणि बिघडलेल्या मुलांना सांभाळतो, तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ४१, नोंदणी. नोंदणी नसेल तर कलम ४२, एक वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी एक लाख दंड, किंवा दोन्ही. संस्थेतल्या माणसाने मुलाला मारलं, छळलं तर कलम ७५, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. आईबापांनी दारातच विचारावं: कोणत्या कायद्याखालचं प्रमाणपत्र आहे, दाखवा. ट्रस्टची नोंदणी दाखवतील. ती चालत नाही.

कास्तकार_राळेगाव

मायनं पूर्ण मुक्काम पोट्ट्यापाशी राहाचं? एकवीस दिवस? तिची मजुरी कोन देईन, घरी लहान पोरगी हाय तिले कोन पाहीन, म्हशीचं दूध कोन काढन? कायदा लिहनाऱ्याच्या घरी म्हैस नसन.

कलम_चंद्रपूर

आईच राहावी असं कायदा म्हणत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत पालक, किंवा त्याने नेमलेला माणूस. मामा, मोठा चुलतभाऊ, पाळी लावून राहिले तरी चालतं. मजुरीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्याला कायद्यात उत्तर नाही.

सिस्टर_आर्वी

मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत, पण त्या जिवावरच्या आहेत.

पहिली. रोज दारू पिणारा पोरगा एकदम बंद करून खोलीत ठेवला तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी पळते, भिंतीवर किडे दिसतात. हे ‘नाटक’ नसतं. ज्या केंद्रात नर्स नाही, रात्री डॉक्टर फोनवरसुद्धा नाही, तिथे पहिला आठवडा काढायचाच नाही. तो रुग्णालयात काढायचा. हा त्रास आवरायला देतात त्या गोळ्या रोज थोड्या कमी करत पाच-सात दिवसांत थांबवतात, सोबत थायमिन (व्हिटॅमिन बी१) देतात. ग्लुकोजची सलाईन लावायची असेल तर थायमिन आधी, हे लहान दवाखान्यात विसरतात. आणि दारू सोडवायची पावडर म्हणून जेवणात चोरून गोळी घालणारे आहेत, त्यांना हात जोडून सांगते की घालू नका. ती डायसल्फिराम असली आणि पोरगं वर दारू प्यालं, तर बीपी कोसळतं. ती गोळी घेणाऱ्याला माहीत असूनच द्यायची असते.

दुसरी गोष्ट झोप. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात झोप येण्याची वेळच उशिरा सरकते, ते शरीराचं आहे. रात्री दहाला दिवे बंद करून चारला उठवलं तर झोप उरली सहा तास. मग दिवसभर पोरं एकमेकांच्या अंगावर जातात, आणि तुम्ही म्हणता पोरं हिंसक आहेत.

निवृत्त_अधीक्षक

सिस्टर, दारूच्या फिटबद्दल तुमचं मान्य. दारूवाला पोरगा आधी दवाखान्यातून यावा, हे कुणीही नाकारणार नाही. पण आमच्याकडे येणाऱ्यांत रोज पिणारे थोडे. जास्त करून खर्रा आणि मोबाईल. आणि स्पष्ट बोलायचं तर खर्रा हे काही तसलं व्यसन नाही. ज्याची दारू, गांजा सोडवायचा आहे त्याला सुरुवातीला थोडा खर्रा चालू ठेवला तर तो टिकतो, पळून जात नाही. सगळं एकदम बंद केलं की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भिंतीवरून उडी. काम नीट केलं तर संध्याकाळी एक पुडी, असं चालवणारे आहेत आणि त्यांची पोरं टिकतात.

दातवाला_पुसद

माफ करा, पण मूळ विषय बाजूला ठेवून यावर बोलावंच लागेल. ‘खर्रा हे व्यसन नाही’ हे वाक्य वाचून राग आवरत नाही.

आत्ता, हे वाचता वाचता, घरातल्या पोराला समोर बसवा. तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्याचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली तर तोंड आखडण्याचा आजार सुरू झाला आहे. एकच गेलं तर घास घेणं, दात घासणं, उद्या भूल देताना नळी घालणं, सगळंच अवघड. त्याच्याही आधीची खूण अशी की पोरगं ठेचा खाईनासं होतं. काल-परवापर्यंत हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीला लावून खाणारा पोरगा वरणावर आला, ‘तोंड जळते’ म्हणू लागला, की समजायचं. गालाच्या आतली कातडी फिक्कट, संगमरवरासारखी दिसते आणि बोट फिरवलं तर आत दोऱ्या लागतात.

हा आजार तंबाखूपेक्षा सुपारीमुळे होतो. म्हणून ‘तंबाखू काढली, सादी सुपारी खातो’ याला काही अर्थ नाही. सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. खर्रा तर पानठेल्यावर पन्नीत घोटतात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घासून घासून गरम होईपर्यंत. चुना कातडी सोलतो, सुपारी ती आखडवते, तंबाखू परत मागायला लावते. एकदा आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही, सोडल्यावर पुढे आखडणं थांबतं एवढंच. लाकडी चपट्या काड्या दातांमध्ये एकेक वाढवत धरायच्या, दिवसातून तीन-चार वेळा, महिनोन्‌महिने, तेव्हा थोडंसं उघडतं.

आणि हे तुम्ही बक्षीस म्हणून देता?

कलम_चंद्रपूर

बाल न्याय कायदा कलम ७७. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. डॉक्टरच्या आदेशाशिवाय. ‘संध्याकाळी एक पुडी’ यात बसते.

निवृत्त_अधीक्षक

धमक्या देऊ नका. मी ‘असं चालवणारे आहेत’ म्हणालो, मी चालवतो असं म्हणालो नाही. तुम्ही कलमं फेकता, पण ज्या माणसाला तीस पोरं एका रात्री सांभाळायची असतात त्याच्या हाताशी दोन चौकीदार असतात, आणि तेही खर्रा खाणारे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी २००३ पासून कायद्यात आहे. गावात शाळेच्या फाटकासमोर पानठेला आहे की नाही ते सांगा आधी. ते कलम कुणी लावायचं?

कास्तकार_राळेगाव

अधीक्षक साहेब या जागी बरोबर बोलून रायले. पानठेला उठवाले कोनी येत नाई, कारन त्या ठेल्यावर ग्रामपंचायतीचा मेंबर बसते. अन तो ठेलाबी एखाद्या लंगड्या मानसाचा एकुलता रोजगार असते. बापच पोट्ट्याले पाठवते, ‘जा, एक खर्रा घोटून आन.’ घरी येता येता पोट्टं त्यातला चिमूटभर तोंडात टाकते, तिथून सुरू होते सारं. मंग सहा महिने बाहेर ठेवून काय होनार हाय, घरी बाप तेच खाऊन रायला.

दातवाला_पुसद

कास्तकार भाऊ, बापाने पोराला पाठवणं बंद केलं तरी निम्मं काम होईल. ठेल्यावर गेलाच नाही तर पुडी हातात पडतच नाही.

सिस्टर_आर्वी

भिंतीवरून उडीचं कारण साहेबांनी बरोबर ओळखलं, उपाय चुकला. निकोटीनची तलफ शेवटच्या पुडीनंतर चार तासांपासून चोवीस तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जोरात असते, तीन-चार आठवड्यांत ओसरते. म्हणजे तुमच्या दोन रात्री धोक्याच्या, त्या आधीच माहीत आहेत. त्या दोन रात्री जागं माणूस ठेवा. जेवणानंतरची वीस मिनिटं सर्वात वाईट, तेव्हा पोरांना मोकळं बसवू नका. बडीशेप, लवंग, भाजलेले फुटाणे हाताशी ठेवा, भांडी घासायला सोबत बसवा. सुपारी नको.

डॉक्टरने निकोटीनचा गम लिहिला तर, आणि अठराखालच्याला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाहीच, तो खर्ऱ्यासारखा चघळायचा नसतो. सगळी पोरं तिथेच चुकतात. आठ-दहा वेळा हळू चावायचा, जिभेला झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिणी गेली की पुन्हा दोन-चार चावे. अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा, लिंबू, कोल्ड्रिंक काही नाही, नाहीतर तोंडात शोषलाच जात नाही. सारखा चघळला की लाळेबरोबर पोटात जातो, उचकी आणि मळमळ होते, आणि पोरगं म्हणतं ‘यानं काई होत नाई’. शिवाय ज्याचं तोंड आधीच आखडलं आहे त्याला गम नको, दातवाल्या डॉक्टरांना विचारून दुसरं काही.

निवृत्त_अधीक्षक

बक्षीस म्हणून पुडी देणं चूक. मान्य. दोन रात्री जागं माणूस ठेवा म्हणता, तोही मान्य, त्याचा पगार कुणीतरी द्यावा.

मावशी_दिग्रस

खर्ऱ्यावर सगळे तुटून पडले आणि ज्या पोरांसाठी हा धागा निघाला ती बाजूला राहिली. मला फक्त एका प्रकारच्या पोरांबद्दल लिहायचं आहे, कारण यवतमाळात ती प्रत्येक गावात आहेत.

बापाने आत्महत्या केली की घरी तलाठी येतो, फाईल तयार होते, एक लाखाची मदत, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती मिळायची की नाही हे समिती ठरवते: पात्र किंवा अपात्र. हा शब्द घरातल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या कानावर पडतो. ‘तुह्या बापाचं प्रकरण अपात्र झालं’ असं त्याला शाळेत ऐकावं लागतं. त्याच आठवड्यात तेरवीला आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य बोलतो, ‘आता तूच घरचा कर्ता, रडायचं नाही.’ तिथून त्या पोराचं बोलणं बंद होतं. वर्षभराने तो पिऊन भांडतो तेव्हा सगळे म्हणतात, संगत बिघडली.

अशा पोराला भेट बंद असलेल्या केंद्रात टाकणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोरकं करणं. त्याच्यापुढे बापाचं नाव घेऊन बोला. नाव टाळलं की पोराला वाटतं बापाने केलेलं लाजिरवाणं होतं. बापाच्या श्राद्धाला आणि पोळ्याला तो घरी असलाच पाहिजे. पोळ्याला बैल तोरणाखाली धरायचा मान पहिल्यांदा त्याच्याकडे येतो, त्या दिवशी तो केंद्रात झाडू मारत असेल तर ते त्याला जन्मभर डाचेल. बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, त्याचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. ते पैसे सुरू झाले की शाळा सोडून हार्वेस्टरवर जाण्याचं निदान एक कारण कमी होतं.

वर्धाकाठ

मावशी, हे लिहिलंत ते बरं केलंत. मी सुरुवातीलाच हे मांडायला हवं होतं.

मी निवासी उपचाराच्या विरोधात नाही, अधीक्षक साहेब. टोळी तुटते हे तुमचं खरं आहे. पण तीस पोरांच्या हॉलमध्ये दुसरी टोळी तयार होते. खर्रा खाणारा तेराचा पोरगा आत जातो आणि सतरावाल्याकडून सोल्युशन शिकून बाहेर येतो. बिघडलेल्या मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांना आणखी बिघडवू शकतात, यावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच लिहिलं होतं. म्हणून गट सहा ते आठचा, १२ ते १४ वेगळे आणि १५ ते १७ वेगळे, आणि प्रत्येक गटाजवळ जेवताना, झोपताना एक ठरलेला मोठा माणूस. तो दर आठवड्याला बदलायचा नाही. पोरं ज्याच्याशी बोलतात तो बहुतेक वेळा समुपदेशक नसतो, रात्री दिवे गेल्यावर बाजूला खाट टाकून झोपणारा असतो. त्याला एवढंच शिकवा: मधे तोडायचं नाही, ‘मर्दासारखा राहा’ म्हणायचं नाही, आणि ‘मला जगायचं नाही’ ऐकलं तर गुपित ठेवायचं नाही, त्याच रात्री वर कळवायचं.

मुक्कामही सहा महिने नको. तपासणी, पहिला आठवडा दवाखान्यात, मग सहा ते आठ आठवडे. दुसऱ्या आठवड्यापासून घरच्यांची भेट, झडती घेऊन, पण खोलीत चौकीदार बसवून नाही. सहाव्या आठवड्यात दोन रात्री घरी, परत केंद्रात, काय बिघडलं ते बोलायचं, मग चार रात्री घरी, परत. अशाने घरी जाणं एकदम अंगावर येत नाही. आणि सुटल्यानंतर तिसरा, सातवा, चौदावा, तिसावा, साठावा, नव्वदावा दिवस, या दिवशी कुणीतरी घरी गेलंच पाहिजे. पुन्हा सुरू होतं ते या नव्वद दिवसांत, आणि नेमकं तेव्हाच केंद्राचं काम संपलेलं असतं. दहावीचं वर्ष गेलं असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म याच काळात भरून घ्यायचा, तारीख निघून गेली की वर्ष मोकळं आणि मोकळं वर्ष म्हणजे परत तो पूल.

कास्तकार_राळेगाव

सा वेळा घरी जानारा मानूस कोन? आशाताईच्या डोक्यावर आधीच गावचं ओझं हाय. मास्तर जनगननेत, इलेक्शनात.

वर्धाकाठ

मास्तरच नको म्हणतो मी. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये प्रयोग झाला, २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. शाळेतल्या पोरांच्या आरोग्याचं आणि समुपदेशनाचं तेच काम एका बाजूला शिक्षकांना दिलं आणि दुसऱ्या बाजूला प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना. शिक्षकांकडून फरक पडला नाही, त्या माणसांकडून पडला. गावातला बारावी झालेला, पोरांमध्ये ऐकला जाणारा एक जण, मानधनावर. पैसे मात्र लागतील, ते नाकारत नाही.

निवृत्त_अधीक्षक

शिक्षकांबद्दल जे लिहिलं ते मला पटलेलं नाही, चांगले शिक्षक आहेत. पण चारची वेळ काढावी लागेल, सिस्टरांचं गणित खोडता येत नाही. साडेपाच. आणि धावणं नाश्त्यानंतर. भेटीचं मात्र दुसऱ्या नाही, तिसऱ्या आठवड्यापासून. त्याच्या आधी पोरगं बसत नाही, यावर मी ठाम आहे.

कास्तकार_राळेगाव

तीन आठवड्याचं मी मान्य करतो, तीन महिन्याचं नाई. अन एक सांगतो, फवारनीच्या औषधाचं कुलूप सारे म्हनतात, पन चावी दाराच्या वरच्या फळीवर ठेवतात, तेथून पोट्ट्याचा हात सहज पोचते. चावी मायच्या कंबरेले पाहिजे. डब्बे घरात आनूच नये, वावरातल्या झोपडीत पेटीत ठेवावे, अन उरलेलं औषध सीझन संपल्यावर शेजाऱ्याले देऊन टाकावं.

आता ती पोस्ट आमच्या ग्रुपवर अजून फिरून रायली. तिच्याखाली टाकाले दोन ओळी द्या कोनी.

वर्धाकाठ

हे टाका: ‘पोराला कुठेही ठेवण्याआधी सिकलसेल, कान, डोळे, मिरगी तपासून घ्या. केंद्राला नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. भेट बंद म्हणत असतील तर तिथून परत या.’

सिस्टर_आर्वी

‘रोज पिणारा असेल तर आधी दवाखाना’ हेही त्यात घाला, आणि ते सर्वात वर.